बाईंचा पेशंट, पैसे कसले?

सालोमीबाई कुवेतला चालल्या, ही बातमी निर्मळात पहिल्यांदा मटिल्डामावशीने आणली, आणि आणली ती थेट बाईंच्या टेबलाच्या ड्रॉवरमधून. कापूस शोधायला म्हणून तिने ड्रॉवर ओढला, तर कापसाखाली नोकरीचा फॉर्म.

"कोराच आहे हो," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आहे."

नवरा म्हणजे आलोशियसमामा. सालोमीबाई त्यांच्या भाडेकरू, ते एक झालंच. पण गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्या एकट्याच. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा, तोही वाट चुकला नाही तर. गेल्या बारा वर्षांत निर्मळात जन्मलेलं प्रत्येक पोर पहिल्यांदा रडलं ते बाईंच्याच हातात. मामा तडक दवाखान्यात गेले.

"बाय, खरं सांग. कुवेत?"

"फ्लॉसीने पाठवलाय फॉर्म. माझ्याच बॅचची. तिला महिन्याला मिळतं तेवढं मला वर्षाला नाही मिळत, मामा."

"पण तुला इथे खर्च काय गो? गावात तर राहतेस!"

"सरकार पण हेच म्हणतं." बाईंनी सुया उकळायला ठेवल्या. "हातात सहाशे बारा. मुंबईच्या नर्सला वर शहर भत्ता, मला नाही. का, तर गाव स्वस्त. तूरडाळ निर्मळात पिकते का? ती आधी मुंबईला जाते, मग उलटी विरारला येते, मग एकनाथशेठच्या टेम्पोत बसून इथे. सगळ्या प्रवासाचं तिकीट मी भरते. स्वस्त काय, तर केळी. पोरीच्या शाळेत फी म्हणून घड नेऊन देऊ?"

बाईंनी साठ रुपये भत्त्याचा अर्ज केलेला होता. उत्तरही आलं होतं: दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान एक अधिकारी ओळख न देता अचानक येऊन गावातले भाव तपासतील. सरकारचं गुपित, ते तारखांसकट टपालाने आलं होतं. भत्ता मिळाला तर फॉर्म फाडायचा, नाही तर ईस्टरपर्यंत भरून धाडायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

मामांनी संध्याकाळी गाव गोळा केलं. "परका माणूस भाव विचारायला आला, की तिप्पट सांगायचा. आणि माणूस ओळखायचा कसा? पायात बूट, हातात वही. साहेब वहीशिवाय जेवत पण नाही."

दहा तारखेपासून निर्मळात परक्या माणसाला साधी वाट विचारायची सोय उरली नाही. शाळेत नवा मास्तर हजर व्हायला आला, तर त्याच्या काखेतली वही बघून न्हाव्याने दाढीचे नऊ रुपये सांगितले. मास्तरांनी तेव्हापासून जी दाढी राखली ती राखलीच.

बारा तारखेला बूटवाला आला. वहीही होती. मामांच्या वाडीशी उभा राहून म्हणाला, "केळी काय भाव?"

"बारा रुपये डझन," मामा डोळे बारीक करून म्हणाले. "आणि तेही ओळखीच्याला."

"बारा? परवापर्यंत चार होता!"

"ते परवा. महागाई बघता ना तुम्ही?"

बूटवाल्याने वहीत काहीतरी खोडलं आणि तो निघून गेला. मामा विजयी चेहऱ्याने घरात शिरले. मटिल्डामावशी दारातच उभी होती.

"काय बोललात त्याला? तो पास्कलचा भाऊ! पास्कल आजारी, म्हणून माल उचलायला तो आला होता!"

पास्कल म्हणजे दर आठवड्याला अख्ख्या गावाची केळी उचलणारा व्यापारी. त्या आठवड्याला घड झाडावरच पिकले. गावाने सकाळी केळी खाल्ली, दुपारी केळ्याची भाजी खाल्ली, रात्री गाईंना घातली. चौथ्या दिवशी गाईंनीही तोंड फिरवलं.

पंधरा तारखेला दुपारी तलावाच्या वळणावर भाड्याच्या सायकलवरून एक गृहस्थ थेट पाटाच्या पाण्यात पडले. एक चप्पल वाहून गेली, पँट गुडघ्यावर फाटली, गुडघाही फाटला. मामांनी त्यांना खाली-वर न्याहाळलं. बूट नाहीत. वही नाही. साहेब नाही.

"बाईंकडे न्या," मामा म्हणाले.

बाई एका बाळंतिणीत गुंतलेल्या. त्यांनी पाच मिनिटांत पट्टी बांधली आणि पळाल्या. गृहस्थ लंगडत बाहेर आले. शहाळं प्यायले. "किती झाले?"

"बाईंचा पेशंट ना तुम्ही? पैसे कसले?" शहाळंवाला म्हणाला.

निर्मळातली ही जुनी रीत. बाईंनी आपली पोरं जगात आणली, तेव्हा बाईंच्या लांबून आलेल्या पेशंटकडून कोणी पैसा घेत नसे. पण ही रीत त्या गृहस्थांना कोणी सांगितली नाही. शिंप्याने पँटला ठिगळ लावलं, फुकट. एकनाथशेठने दुकानातली नवी चप्पल दिली, वर चहा पाजला.

"अहो, पण तूरडाळ काय किलो?" गृहस्थ विचारत होते.

"डाळ हवी? बांध रे पावशेर!"

"आणि इथे खोलीचं भाडं?"

"आजाऱ्याकडून भाडं?" मामा दुखावले. "पाहिजे तितके दिवस पडा आमच्याकडे!" निघताना त्यांनी चार डझन केळी सायकलला बांधली. केळ्यांपासून सुटका झाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

नोव्हेंबरात पत्र आलं. बाईंनी ते उभ्यानेच वाचून दाखवलं: "समक्ष पाहणीअंती सदर गावी अन्न, वस्त्र व निवारा यांचा खर्च शून्य आढळला. केळी नको म्हटले तरी देतात. भत्ता नामंजूर."

बाईंनी ड्रॉवर उघडला, फॉर्म काढला, आपलं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं. तेवढ्यात कोणाच्या तरी कळा सुरू झाल्या म्हणून पेन तिथेच राहिलं. पण पेनाचं टोपण उघडंच होतं, हे मटिल्डामावशीने बघितलं.

जानेवारीत मामांच्या दाराशी टेम्पो थांबला. आत ट्रंक, पलंग, बायको आणि पंधरा तारखेचे गृहस्थ. या वेळी पायात बूट होते.

"ओळखलंत का? मीच भत्त्याचा साहेब. निवृत्तीला चार वर्षं राहिली. म्हटलं, इतकं स्वस्त गाव सोडायचं कशाला? विरारच्या ऑफिसात बदली मागून घेतली."

मामांनी त्यांचे बूट न्याहाळले. "भाडं नव्वद. दोन महिन्यांचं आगाऊ."

"पण मागच्या वेळी तर..."

"मागच्या वेळी तुमचा गुडघा फुटला होता."

एकनाथशेठने डाळ सात रुपयांनी दिली, रॉकेल वरच्या भावाने दिलं. दुसऱ्या दिवशी साहेब दुकानात लंगडत आले.

"काल नीट होतात की!" एकनाथशेठ म्हणाले. "आणि तेव्हा उजवा होता ना पाय?"

पगार वीस तारखेलाच संपला. बायकोने ट्रंक परत भरायला घेतली. साहेबांनी स्वतःसाठी भत्त्याचा अर्ज केला, तर वरून उत्तर आलं: आपल्याच अहवालानुसार सदर गावी खर्च शून्य. झालं! साहेबांनी नवी वही घेतली आणि बूट घालून, उघड ओळख देऊन गावभर हिंडून भाव उतरवले. या खेपेला कोणाला खोटं बोलावं लागलं नाही. साहेबांना तर हुंदकाच आला, असं शिंपी सांगतो.

होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, हुकूम आला. निर्मळातल्या तमाम सरकारी नोकरांना साठ रुपये भत्ता.

एक तारखेला आलोशियसमामा दवाखान्यात आले, जरा घुटमळले. "बाय, भत्ता झाला म्हणे. चांगलं झालं हो. मी म्हणत होतो, खोलीचं भाडं आपलं... वीसच वाढवू."

सालोमीबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. त्यांनी ड्रॉवर ओढला. अर्धा भरलेला फॉर्म टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मामा, पासपोर्टला फोटो किती लागतात हो?"

"बरं, दहाच वाढवू?"

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"राहू दे गो, राहू दे! मी आपलं सहज बोललो."

तो फॉर्म अजून अर्धाच भरलेला आहे. बाई दवाखान्यातलं औषधाचं कपाट कुलूपबंद ठेवतात, पण तो ड्रॉवर मात्र कधीच नाही.