मागच्या बाकावरचं लॅटिन

"तू एपी लॅटिन घेतोयस. विषय संपला," असं म्हणून मार्जरी लुंडक्विस्ट यांनी मुलाच्या विषयनिवडीच्या फॉर्मवर स्वतःच खूण केली.

"पण आई, आमची सगळी टोळी ऑनर्स लॅटिनला चाललीय. तिकडे रोमन मेजवानी असते. चादरी गुंडाळून आडवं पडून जेवायचं!"

"आडवं पडून तू घरीही जेवतोस. एपी म्हणजे कॉलेजच्या तोडीचं, त्यात ए श्रेणी मिळाली की पाच गुण धरतात, त्याखालच्या ऑनर्समध्ये साडेचार. सरासरीत विनिफ्रेड पास्टर्नाक तुझ्या किती पुढे आहे?"

"दोन शतांश," एव्हरेट म्हणाला. या घरात हा आकडा रोज सकाळी कॉर्नफ्लेक्सबरोबर वाढला जाई.

पुढच्या वर्षी शाळा संपताना जो पहिला, तो सगळ्या गावासमोर भाषण करणार. त्या भाषणाला घालायचा निळा ड्रेस मार्जरीबाईंनी सेलमध्ये आधीच घेऊन ठेवला होता. आता विनिफ्रेडनंही एपी घेतलं तर दोघांनाही पाच मिळून ते दोन शतांश तिथेच राहणार. म्हणजे त्या पोरीला ऑनर्समध्ये ढकलणं आलं, आणि तेही तिच्या भल्यासाठी केल्यासारखं दाखवून.

शुक्रवारी बास्केटबॉलच्या सामन्याला पॉपकॉर्न विकायची पाळी मार्जरीबाईंची होती. दर पाकिटाबरोबर त्या हलक्या आवाजात सांगत होत्या, "कुणाला बोलू नका हं, पण कॉलेजवाले हल्ली एपीला कंटाळलेत. ऑनर्सवाली मुलं हवीत त्यांना. आमचा एव्हरेटही ऑनर्सच घेतोय." कुणाला बोलू नका म्हटल्यामुळे मध्यंतरापर्यंत ही बातमी अख्ख्या जिमला पाठ झाली.

रविवारी चर्चच्या तळघरात जेवताना तीच बातमी त्यांच्या कानावर परत आली. एपीच्या मुलांना म्हणे वर्षभरात चष्मे लागतात. आपल्या अफवेनं असं बाळसं धरलेलं पाहून मार्जरीबाईंनी बटाट्याचं सॅलड दोनदा घेतलं.

मंगळवारी शाळेतून समुपदेशक ग्रिसम यांचा फोन आला.

"बाई, तेरापैकी अकरा मुलांनी ऑनर्स घेतलंय. एपीला दोनच नावं. आठ मुलं नसतील तर आम्ही वर्ग उघडत नाही, आणि ऑनर्सची यादी कालच बंद झाली. एव्हरेटला कुंभारकामात घालू का? तिकडे जागा आहे."

"कुंभारकामात ए मिळाली तर किती धरता?"

"चार."

मार्जरीबाईंची पाचावर धारण बसली. पायात घरच्या सपाता तशाच ठेवून त्यांनी गाडी शाळेकडे हाणली. लॅटिनच्या वर्गाबाहेर आधीच एक बाई उभी होती. ती विनिफ्रेडची आई, लोरेन पास्टर्नाक. एपीतलं दुसरं नाव कुणाचं, हे मार्जरीबाईंना विचारायची गरजच उरली नाही.

"तू इथे कशी? एव्हरेट तर ऑनर्सला होता ना?" लोरेननं विचारलं.

"आणि तुमच्या विनिफ्रेडला चष्म्याची भीती नाही वाटली?"

"चष्म्याचं मीच सांगितलं होतं," लोरेन थंडपणे म्हणाली. "पॉपकॉर्नच्या बातमीत मला दम वाटला नाही."

तेवढ्यात ऑल्डन सर दार उघडून बाहेर आले. तीस वर्षं लॅटिन शिकवल्यामुळे त्यांना जिवंत माणसांची घाई समजत नसे.

"ग्रिसमला मी समजावतो. एपी बंद नाही होणार," ते म्हणाले. "दोघं याच तासाला, याच खोलीत बसतील. ऑनर्सच्याच वर्गात, मागच्या बाकावर."

"मग त्यांना शिकवणार कोण?" दोघी एकदमच ओरडल्या.

"एकमेकांना शिकवतील. हुशार आहेत. अडलं तर मी आहेच. फक्त दोघांतलं एक जरी गळलं, तर मुख्याध्यापक मला एका पोरासाठी एपी चालवू देणार नाहीत. दुसऱ्याला कुंभारकाम."

खोली तीच असल्यामुळे एव्हरेटला टोळी मिळाली, चादर मिळाली आणि आडवं पडून जेवणही पदरात पडणार होतं. तो दुसऱ्या दिवशी शीळ घालतच शाळेत गेला. ते दोन शतांश मात्र जागचे हलले नाहीत.

ऑक्टोबरात विनिफ्रेडला ताप आला. तिसऱ्या दिवशीही ती शाळेत दिसली नाही आणि ग्रिसमनी एव्हरेटला सहज विचारलं, "माती आवडते का तुला?" त्या संध्याकाळी मार्जरीबाई चिकन सूपचं पातेलं दोन्ही हातांनी सांभाळत पास्टर्नाकांच्या दारात उभ्या होत्या.

"उतरला का गं? खाते का नीट? झोप? डॉक्टर काय म्हणाले?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"सोमवारी येईल," म्हणत लोरेननं पातेलं घेतलं. मग खिडकीतून तिनं बाहेर गाडीत बसलेल्या एव्हरेटकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"मार्जरी, एव्हरेटच्या गळ्यात मफलर का नाही? वारा किती सुटलाय! थांब, विनिफ्रेडचा देते."