घड्याळजींची नासपती

घड्याळजींनी साधी राहणी पत्करली, तेव्हा घरातून सगळ्यात आधी गेलं ते कपडे धुण्याचं मशीन. "वीज वाचेल, पाणी वाचेल, पृथ्वी वाचेल," असं म्हणत त्यांनी ते आपल्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईंच्या घरी पोचतं केलं. पृथ्वीचं माहीत नाही, पण तेव्हापासून त्यांची बायको रोज चादरी पिळत होती.

शेवटी तिनं पैज लावली. "आपल्या झाडाची नासपती तुम्ही बरण्यांत भरून ठेवलीय ना? रविवारी ताई जेवायला येतील तेव्हा चांगली निघाली, तर मी मशीनचं नाव काढणार नाही. नाहीतर मशीन घरी!"

घड्याळजी निर्धास्त होते. भरलेल्या बरण्या त्यांनी स्वतः उकळल्या होत्या आणि निवताना प्रत्येक झाकण 'टक्' करून आत बसलेलं कान लावून ऐकलं होतं. हवा शिरायला जागाच नव्हती.

रविवारी जेवणं झाली. घड्याळजींनी झाकणाला हात घातला. झाकण हललं नाही, घड्याळजीच फिरले.

"अरे, जोर लाव की!" ताई कासावीस झाल्या. मशीनची त्यांना चांगलीच सवय झाली होती.

"लावतोय ना! घड्याळं दुरुस्त करतो मी, विहिरी नाही खणत!"

"आण इकडे!" ताई लालबुंद झाल्या, झाकण ढिम्म. मग गरम पाणी झालं, रबरी हातमोजा झाला, बुडावर थापट्या झाल्या. शेवटी शेजारचे व्यायामशाळेचे मास्तर आले. त्यांनी बरणी काखेत दाबली, दातओठ खाल्ले आणि ते खांदा धरून खाली बसले.

"फोडू का?" त्यांनी कण्हत विचारलं.

"छे! बरणी पुन्हा वापरायचीय," घड्याळजी ओरडले.

"म्हणजे मी जिंकले," बायको म्हणाली. "टेम्पो सांगू ना?"

"असं काय करता वहिनी! बिघडलीय कुठे?" ताई घाईघाईनं म्हणाल्या.

"मग खाऊन दाखवा! नाही ना जमत? द्या, ठेवून देते." तिनं वैतागून बरणी उचलली आणि चादरीला द्यावा तसा झाकणाला एक पीळ दिला. फस्स! घरभर गोड वास सुटला. फोडी अशा झकास, की मास्तर खांदा विसरले. बायको मात्र हातातल्या झाकणाकडे बघतच राहिली. मशीन तिनं स्वतःच्या हातानं घालवलं होतं.

ताईंचा जीव भांड्यात पडला. घड्याळजी तर फुलून गेले. "बघितलंत? हातानं कपडे धुतले की मनगटं कशी होतात!"

"खरंच की," बायको गोड हसून म्हणाली. "अजून कपाटभर बरण्या उघडायच्यात. उद्यापासून चादरी तुम्ही पिळा."

बुधवारी ताईंनी दार उघडलं, तर बाहेर टेम्पो आणि घड्याळजी.

"मशीन न्यायला आलास?" ताईंचा चेहरा पडला. "अरे, पण पैज तर तूच जिंकलास ना?"

"जिंकलो गं," दोन्ही मनगटं चोळत घड्याळजी म्हणाले. "आता जरा हात लाव. माझ्यानं काही उचलवत नाही."