पर्लिताचा हिरवा कोट

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात आपल्याइतकी कपड्यांची पारख कोणालाच नाही, याबद्दल पर्लिता दुमांकासच्या मनात शंका नव्हती. कपाटात कपडे मोजकेच; पण कशावर काहीही घाला, शोभणारच. शनिवारी जुन्या कपड्यांच्या बाजारात, उकाय-उकायमध्ये, तिने ढिगाच्या तळातून एक गर्द हिरवा कोट ओढून काढला. घरी आणून कमरेत दोन टक्स घेतले, खांदे आत घेतले, बाह्या जराशा वर केल्या.

"मनांग, अगदी साहेबीण दिसतेस गं!" धाकटी बहीण नेनिंग म्हणाली; थोरल्या बहिणीला ती मनांगच म्हणायची.

"दिसते म्हणजे? आहेच!" पर्लिता म्हणाली, आणि सोमवारी तो कोट घालून आपल्या जन्माच्या दाखल्यावरचं चुकलेलं आडनाव दुरुस्त करायला नगर कचेरीत गेली.

दारातच एका म्हाताऱ्याने विचारलं, "मॅडम, जन्माच्या दाखल्याची रांग कुठली?"

तिने पाटी वाचून सांगितली. ते बघून एका बाईने आपला अर्ज पुढे केला. तो चुकीचा भरलेला. पर्लिताला बघवेना, तिने दुरुस्त करून दिला. मग तिसरा आला, चौथा आला. बघता बघता तिच्यापुढेच रांग लागली. रखवालदाराने खुर्ची आणली, पंखाही तिच्याकडे वळवला.

"अहो, मी इथली नाही!"

"नव्या आहात ना," रखवालदार म्हणाला. "होईल सवय."

तेवढ्यात आतून कचेरीच्या प्रमुख पाल्मारेसबाई आल्या. अंगात तसाच हिरवा कोट, तीच बटणं. फक्त पोत्यासारखा लोंबणारा. कोणीतरी टाकून दिलेला इथला गणवेश आपण घालून आलोय, हे पर्लिताच्या तेव्हा लक्षात आलं.

"हा गणवेश कुठून मिळवलात? आत या!"

पर्लिता ताठ चालत निघाली. वाकलं की कोट पाठीवर चुरगळतो.

"उकाय-उकायमधून घेतला, देवाशपथ," ती आत गेल्यावर म्हणाली.

पाल्मारेसबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "कोट तोच. मग आमच्या अंगावर असा का दिसत नाही हो?"

"बाई, तुमच्या कोटाचे खांदे पार दंडावर आलेत. आणि कंबर कुठे आहे, ते त्याला कोणी सांगितलेलंच नाही."

बाईंनी दार लावलं आणि टाचण्यांची डबी पुढे केली. त्यांच्यामागून कचेरीतल्या आणखी पाच जणी आल्या. तोंडात टाचण्या धरून पर्लिता सगळ्यांना हुकूम सोडत होती. "ताठ उभ्या राहा! पोट ओढू नका, खरं माप लागतं!" त्या नादात कचेरीच्या अर्जांच्या खिडक्या बंद व्हायची वेळ झाली.

"आडनाव झालं का नीट?" संध्याकाळी नेनिंगने विचारलं.

"राहिलंच की. उद्या परत जायचंय."

"मग उद्या साधा ब्लाऊज घाल बाई, पुन्हा घोळ नको!"

"छे!" पर्लिता इस्त्री तापवत म्हणाली. "उद्या तिथल्या पुरुषांची मापं घ्यायचीत. चुरगळलेल्या कोटात जाऊ होय?"