अंगठा पुरेना

ही गोष्ट २०२३ च्या फेब्रुवारीतली. रत्नागिरीच्या बंदरावर पन्नास वर्षं मासळी घेतली, लिलावात एकदाही फसले नाही, असं तोवर मी ऐटीत सांगत असे.

त्या गुरुवारी माझ्या नातीला, योगिनीला, बघायला केळशीची मंडळी जेवायला येणार होती. मुलगा तिच्या मनातला. केळशीचे लोक म्हणजे कालवण चाखून घर पारखणारे! मी जाहीर केलं, "अशी सुरमई आणते की ताटावरच होकार मिळेल!"

निघताना नातवाने, केतनने, नवा फोन हातात दिला. फोन कसला, पोळपाट! जुना बटव्यात पानसुपारीशेजारी झोपायचा.

"अरे, माझा अंगठा अर्ध्या वाटेतच संपतो!"

"आजी, जरा उडवायचा आणि वरच्या टोकाशी झेलायचा. सगळं एका हाताने!"

पहाटे बंदरावर पोचले. एका हातात पिशवी, दुसऱ्यात पोळपाट. लिलाव पुकारायला नेहमीचा दत्ताराम. सुरमईच्या आधी तारलीचे, म्हणजे स्वस्तातल्या बारीक मासळीचे, दोन मोठे टप आले. मी आपली किती वाजले ते बघत होते, तेवढ्यात योगिनीचा फोन! हिरवं बटण पार वरच्या कडेला. मी फोन उडवला.

आता आमच्या बंदरावर बोली तोंडाने देत नाहीत. हात वर गेला, की चढली!

"कमलाकाकी वर!" दत्ताराम ओरडला.

झेलला, पण अंगठा बोटभर कमी. पुन्हा उडवला.

"काकी आणखी वर!"

पलीकडून शिवा खानावळवाल्याने बोली वाढवली. फोन बंद झाला, पुन्हा वाजला. मी उडवला. शिवाने वाढवली. मी उडवला! शेवटी शिवाने कपाळाला हात लावला. "घ्या काकी, तुमच्यापुढे कोण जाणार!"

"दिली कमलाकाकींना!"

"काय दिली?"

"तारली. दोन्ही टप!"

"मेल्या, मी फोन उचलत होते!"

"काकी, हात तर चारदा वर गेला!"

सुटलेली बोली मोडायची नाही, हे मीच तिथल्या दोन पिढ्यांना शिकवलेलं. थोडा वाद घातला, मग पैसे मोजले. माझी जन्माची स्पर्धक शकू खदखदून हसली. "काय गो कमळे, वऱ्हाड आजच जेवतंय काय?"

योगिनीचा फोन पुन्हा वाजला. पिशवी खाली ठेवून तो दोन्ही हातांनी घेतला.

"आजी, किती वेळ लावतेस! मासे आणू नको. ते गुरुवार पाळतात!"

टेम्पोतून तारली आणि मी घरी. अंगणभर वास! मंडळींनी वरणभात कसाबसा गिळला. योगिनी रडकुंडीला आली. होणाऱ्या विहीणबाई मात्र दर घासाला टपांकडे बघत होत्या. हात धुतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ही तारली उद्यापर्यंत बर्फात राहील ना?"

दोन तासांसाठी आलेली माणसं शनिवारी गेली, होकार देऊन आणि डबा भरून घेऊन.

योगिनी आता केळशीला सुखात आहे. केतनने फोनच्या पाठीला एक अंगठी चिकटवून दिली. तिच्यात माझं बोट अडकतं. शिवा मला बघून लांबूनच नमस्कार करतो. दत्ताराम लिलावाआधी विचारतो, "काकी, फोन पिशवीत ना?"

आणि ती सुरमई? मी टपांपाशी वाद घालत होते, तेव्हा शकूने नेली. चव कशी होती, ते अजून सांगत असते!