काऊन गेला?

दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठोंबरेकाका रजा घेत आणि घरीच बसत. इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर वही ठेवून, सकाळपासून टीव्हीसमोर. टेक्सासमधल्या अर्विंगला आमची अपार्टमेंट्स समोरासमोर होती. त्या आठवड्यात मी डोकावलो की सुमनकाकू दारातच हळू आवाजात सांगायच्या, "ये, पण त्यांच्याशी बोलू नको. खेळाडू चाललेत."

इथल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये करार संपलेला खेळाडू हव्या त्या संघात जायला मोकळा होतो. त्याला फ्री एजन्सी म्हणतात आणि तिची धामधूम जुलैत सुरू होते. बाकी सगळ्यांना उत्सुकता, आपल्या संघात नवीन कोण येतो याची. येणाऱ्याशी काकांना काही घेणंदेणं नसे. ते जाणाऱ्याच्या मागे लागत. "काऊन गेला?" नागपूरकरांचं हे 'काऊन' म्हणजे आपलं 'का'. पण काकांच्या तोंडी ते पोलीस चौकशीसारखं वाटे.

टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणत, जास्त पैसे मिळाले म्हणून गेला. काका हात झटकत. "पैसा सांगायला सोपा पडते, म्हणून सांगतात." खरी कारणं त्यांच्या वहीत असत. कोचनं बाहेर बोलावताना त्याच्याकडे पाहिलं नाही. बायकोला बर्फ सोसत नाही. आई तिकडे एकटी राहते. प्रत्येक कारणापुढे प्रश्नचिन्ह, कारण खात्री कशी करणार? म्हणून ते खेळाडूंना पत्रं लिहीत. उत्तरासाठी आपला पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत. सहा वर्षांत एकाच खेळाडूकडून उत्तर आलं, सही केलेला फोटो. काकांनी तो उलटून पाहिला, "कारण लिहिलं नाही," म्हणाले आणि त्याला पुन्हा पत्र धाडलं.

हे वेड बास्केटबॉलपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात गल्ल्यावर मीनाबेन होत्या. एके दिवशी त्या दुसऱ्या दुकानात गेल्या. काका वीस मिनिटं ड्राइव्ह करून त्या दुकानात पोचले, गरज नसताना दोन किलो तूरडाळ घेतली आणि कारण विचारलं. मीनाबेनच्या गुडघ्यांना दिवसभर उभं राहणं झेपत नव्हतं, आणि पहिल्या दुकानात बसायला स्टूल नव्हतं. एवढंच. काका तसेच उलटे फिरले आणि जुन्या मालकासमोर जाऊन उभे राहिले. त्यानं हसून विषय टाळला. काका तीन आठवडे रोज जात राहिले, काही विकत न घेता. चौथ्या आठवड्यात दोन्ही गल्ल्यांवर स्टुलं आली. मीनाबेन परत आल्या नाहीत, पण काकांचं काम झालं होतं.

त्यामुळे मला नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलची नोकरी मिळाली तेव्हा मी घाबरलो. काका माझ्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. बारा दिवस मी गप्प राहिलो. शेवटी काकूंनी पोह्यांना बोलावलं तेव्हा सांगून टाकलं. मोठं पद आहे, काम नवीन आहे, वगैरे.

काकांनी बशी खाली ठेवली. "हे टीव्हीवरचं झालं. आता खरं सांग."

मी बराच वेळ काहीबाही बोलत राहिलो. मग आपोआप बाहेर आलं. चार वर्षं तिथे काम केलं, आणि आता मी राजीनामा दिला तेव्हा मॅनेजरनं फक्त लॅपटॉप कधी परत करणार ते विचारलं.

"थांब म्हणाला नाही?"

"नाही."

काका उठून खिडकीपाशी गेले. परत आले, समोर बसले. "मग मी म्हणतो. थांब."

काकू हातातला झारा तसाच धरून उभ्या होत्या.

"म्हणून झालं," काका म्हणाले. "आता जा. सामानाचा ट्रक मी चालवतो."

नको नको म्हणून मी थकलो. त्यांनी रजा टाकली, नकाशे छापून आणले, आणि शनिवारी पहाटे आम्ही निघालो. रात्री मेम्फिसला मोटेलमध्ये झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टेनेसीतल्या हायवेलगतच्या एका रेस्ट एरियात काकूंचे पराठे खाताना मी पहिल्यांदा त्यांना उलट विचारलं. तुम्ही स्वतः कधी कुठला संघ सोडलात का?

सोडला होता. ते नागपूरच्या एका क्लबकडून पाच वर्षं बास्केटबॉल खेळले होते. अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी कोच असलेल्या सरांना भेटायला मैदानावर गेले. सर म्हणाले, क्लबचे बूट जमा कर. दुसरं काही नाही.

"थांब म्हणाले असते तरी मी गेलोच असतो," काका म्हणाले. "पण म्हणायला पाहिजे होतं."

सर हयात होते, ब्याऐंशी वर्षांचे. एकवीस वर्षांत काका कितीदा तरी नागपूरला जाऊन आले, पण सरांच्या गल्लीत वळले नव्हते. मी माझा फोन आणि भारतात बोलायचं प्रीपेड कॉलिंग कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. तिकडे संध्याकाळचे सात वाजत आले असतील. काकांनी पराठा संपवला, हात धुतले, शर्ट नीट खोचला. नंबर त्यांना पाठ होता.

सरांना कमी ऐकू येत असावं. काका त्या रेस्ट एरियात मोठ्यानं ओरडत होते, "सर, मी ठोंबरे. तुम्ही मला थांब काऊन नाही म्हटलं?" शेजारच्या बाकावरचं अमेरिकन कुटुंब उठून लांब जाऊन बसलं. मग काका ऐकत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. मध्ये एकदा चष्मा काढून बाहीनं पुसला. शेवटी कार्डावरची मिनिटं संपली आणि फोन मध्येच कटला.

काकांनी ट्रक सुरू करून हायवेला घेतला.

"काय म्हणाले सर?" मी विचारलं.

"म्हणाले, तू गेल्यावर तुझ्या जागी कोण खेळला ते एकदा तरी विचारशील, म्हणून वाट पाहत होतो."

"मग कोण खेळलं?"

"वानखेडे नावाचा पोरगा. डावखुरा." काकांनी आरसा नीट केला. "सरांचं त्याच्या पहिल्या सीझनचं सांगून झालं. दुसरा अर्धा राहिला."

पुढच्या पेट्रोल पंपावर ट्रकची टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली असताना त्यांनी ट्रक आत घेतला. पाच मिनिटांनी ते दुकानातून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात चार कॉलिंग कार्डं होती.