टबाचा कोपरा आणि पहिले पाहुणे

कोपरा म्हणजे दोन भिंती भेटतात ती जागा. त्या भिंती सरळच भेटतात, असा बोईसरकडच्या माहीमच्या कृष्णकांतभाऊंचा ठाम समज होता. सगळा घोटाळा तिथूनच झाला!

भाऊंची पानवेलींची वाडी. वाडीतली एक खोली त्यांच्या पत्नीने, सुलूताईंनी, पर्यटकांसाठी हौसेने सजवली होती. न्हाणीघरात चक्क टब बसवला होता. पहिलं गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. ते नाराज होऊन गेलं तर फाटकावरची 'राहण्याची सोय' ही पाटी उतरवायची, असं ताईंनी बजावलं होतं. आता फक्त टबाभोवती लाद्या लावायच्या राहिल्या होत्या. बोईसरहून कारागीर बोलवायचं ठरत होतं, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "जन्मभर वाडीत ओळी लावल्या आमी. चार भिंतींना बोईसरचा मानूस कशाला?"

आता हे ओळीचं शास्त्र नीट समजून घ्या. पानवेलींची ओळ वाकडी गेली तर कुणी उपटत बसत नाही. पुढची प्रत्येक वेल केसभर सरकवत न्यायची. चूक शेवटी कुंपणाशी पोचते. कुंपण आपलंच असतं, ते हलवता येतं.

टबामागच्या कोपऱ्यात पहिली लादी लावली, तर वर ती भिंतीला टेकली आणि खाली बोटभर फट राहिली. कारागिराने लादी तिरकी कापली असती. भाऊंनी वाडीची रीत लावली. ती लादी जरा कलती बसवली, पुढची केसभर सरकवून, त्यापुढची आणखी केसभर. चूक दुसऱ्या कोपऱ्यात गेली, तिथून वळून तिसऱ्यात. शेवटचा कोपरा दाराजवळचा होता. त्यासाठी दार आतून लावून घ्यावं लागलं. तिथे भिंत संपली, पण लादी काही संपेना. ती चौकट ओलांडून दोन बोटं दाराच्या फळीवर आली. भाऊंनी ती ठोकून ठोकून पक्की केली आणि दमून कोरड्या टबातच आडवे झाले. दार आतल्या बाजूला उघडतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जाग आली ती टकटक ऐकून. ठाण्याचे पाहुणे, चिराग आणि जागृती, पाय धुवायला दाराशी उभे होते.

"आत कोण आहे?" चिरागने विचारलं.

"मालक."

बाहेर कुजबूज झाली. खोलीबरोबर मालकही मिळतात का, असं जागृतीने ताईंना अगदी अदबीने विचारलं. ताईंचा आवाज चढला.

"अवो, बाहेर या."

"दार उघडत नाय."

"कडी काढा मग."

"कडी काढलीच हाय. लादी आडवी आली."

लादी दाराला कशी आडवी येईल, हे कुणाला कळेना. भाऊंनी मग आतूनच, न चिडता, पहिल्यापासून समजावलं. कोपरा, फट, केसभर, वेल, कुंपण. चिराग बराच वेळ कान लावून ऐकत होता.

"काका, म्हणजे वाडी आत आहे का?"

"तुमी ती लादी फोडता, का मी बाहेरून दार फोडू?" ताई म्हणाल्या.

भाऊंनी डोळे मिटून हातोडा मारला. एक लादी फुटली आणि शेजारच्या तिघी सोबत म्हणून खाली आल्या. दार उघडलं. पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे पांढरेफटक भाऊ बाहेर आले. ताईंनी पाटीच्या दिशेने एकदा पाहून घेतलं.

चिरागने आत डोकावून टब पाहिला, कोपरे पाहिले. मग म्हणाला, "छान आहे. पण टबात कोण बसतंय, मावशी? आम्हाला एक बादली द्या, बास."

ताईंचा जीव भांड्यात पडला. पाहुणे राहणार होते! त्यांनी भाऊंकडे बादली मागितली.

बादली होती. पण तिच्यात लाद्यांसाठी कालवून उरलेला सिमेंटचा माल दुपारपासून दगडासारखा घट्ट झाला होता. दिवसभरात भाऊंच्या हातून पक्कं बसलेलं काम तेवढंच!