एका प्रवेशानं बंद पडलेले वाघचौरे सर

वाघचौरे सरांना "कसे आहात?" असं कधी विचारू नका. ते स्कूटर बंद करतात, स्टँडवर लावतात, हेल्मेट काढतात आणि शांतपणे विचारतात, "कशाच्या तुलनेत?"

आपण म्हणतो, "नाही, सहज विचारलं सर."

"उत्तर नको असेल तर प्रश्न विचारू नये," असं म्हणून ते हेल्मेट घालतात आणि जातात.

शहरातून चिकलठाण्याकडं जाताना आमचं कॉलेज लागतं. फक्त कला शाखा, एकमजली इमारत आणि पुढच्या मैदानावर संस्थेचं लग्नाचं लॉन. लग्नसराईत आमच्याकडं व्याख्यानं बँडच्या चालीवर होतात. तिथं सर तत्त्वज्ञान शिकवायचे, त्यातही जीव तर्कशास्त्रावर. विभागप्रमुख तेच, प्राध्यापक तेच, विभागाच्या बैठकीचे अध्यक्ष आणि सभासदही तेच. एकदा बैठक संपवून बाहेर आले आणि म्हणाले, "आज एकमत झालं नाही."

मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. माझा विषय राज्यशास्त्र, आणि खरं काम संघटनेचं. पत्रकं काढायची, गेटवर उभं राहून गळा फाडायचा. आमची ओळखही तिथंच झाली. वसतिगृहाच्या पाण्यासाठी आम्ही गेट अडवलं होतं आणि मी ओरडत होतो, "सगळे प्राध्यापक संस्थाचालकांचे हस्तक आहेत!"

स्कूटर थांबली. "सगळे?"

"सगळे!"

"मी धरून?"

"तुम्ही धरून!"

"हे कशावरून?"

मी वर केलेली मूठ खाली घेतली. सर म्हणाले, "'काही' म्हण. 'काही' सिद्ध करायला सोपं जातं."

"सर, 'काही प्राध्यापक हस्तक आहेत' ही घोषणा होत नसते."

"मग घोषणेचा दोष आहे, माझा नाही."

पोरं हसली. आंदोलन तिथंच बसलं. त्या दिवशी मला या माणसाचा भयंकर राग आला होता.

सरांचं लग्न झालेलं नाही. त्याचं कारण सगळ्या स्टाफला पाठ आहे. तरुणपणी जालन्याला मुलगी बघायला गेले. पोहे झाले. मुलीच्या मामांनी विचारलं, "पसंत आहे ना?" सर म्हणाले, "दहा मिनिटांत इतक्या मोठ्या निष्कर्षाला येणं बरं नाही. मी अजून तीन-चारदा येईन." मामांनी त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि फाटक लावून घेतलं.

इंग्रजीच्या देशमुख मॅडमच्या मुलीचं लग्न आमच्याच लॉनवर होतं. कुणीतरी सरांच्या हातात माइक दिला. सर म्हणाले, "हे दोघं सुखी होतील असं मानायला आज तरी पुरावा नाही. होणार नाहीत, यालाही नाही. तेव्हा अभिनंदन." मॅडम पुढं महिनाभर बोलत नव्हत्या.

इथवर गंमत होती. आता संतापाचं सांगतो.

जून आला की आमचे प्राध्यापक पुस्तकं ठेवून मोटारसायकली काढतात. प्रत्येकाला गावं वाटून दिलेली असतात. दारोदार हिंडून पोरं गोळा करायची. पोरं नाहीत तर तास नाहीत, तास नाहीत तर मास्तर जादा. ज्यांनी आयुष्याची दहा वर्षं पीएचडीत घातली ती माणसं उन्हात उभी राहून सांगतात, "फक्त नाव टाका. हजेरीचं टेन्शन नाय. पोरगं कंपनीत जाऊ द्या, परीक्षेपुरतं पाठवा." मी हे कानानं ऐकलंय. आणि पोरं तशीच येतात: नाव आमच्याकडं, अंग बजाजनगरात कुठल्यातरी शिफ्टला. वर्गात बाक, पंखे आणि मास्तर. याला शिक्षण म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं.

गेल्या वर्षी प्राचार्यांनी सरांना बोलावलं. "वाघचौरे, यंदा संख्या भरली नाही तर तुमचा विषय बंद. नवीन धोरण आहे."

"धोरणात हे कुठं लिहिलंय?"

"वाघचौरे, पोरं आणा."

मला कळलं तसा मी पेटलो. 'तत्त्वज्ञान वाचवा' असं पत्रक काढलं आणि सरांना माझ्या गाडीवर मागं बसवून बिडकीनकडं निघालो. ही माझी चूक होती, कारण सरांना खोटं बोलता येत नाही. पहिल्याच घरी एका आईनं विचारलं, "सर, यानं नोकरी लागंल का पोराला?"

"शक्यता कमी."

"मंग फायदा काय?"

"समोरचा खोटं बोलतोय हे ओळखता येतं."

"आन् त्यानं काय व्हतं?"

सरांनी बराच विचार केला. "त्रास होतो."

त्या बाईनं आम्हाला पाणी दिलं आणि पोराला आत घेतलं. असं घरामागून घर. मी गाडीवर बसल्या बसल्या बोंबलत होतो, "सर, इंग्रजीवाले कलेक्टर करतो म्हणतात! तुम्ही निदान गप्प तरी बसा!" सर मागून म्हणाले, "मी गप्प बसलो तर त्यांना वाटेल नोकरी लागते."

संध्याकाळी एका वेल्डिंगच्या दुकानापाशी आलो. मालक चष्मा कपाळावर चढवून ऐकत होता. सरांनी तिथंही तेच सांगितलं: नोकरीची शक्यता कमी. मालक म्हणाला, "मंग कशाला आलात हो सर एवढ्या लांब?" तेवढ्यात मागच्या दारातून त्याची पोरगी आली. निकिता तिचं नाव. बारावी झालेली.

"पप्पा, माझं नाव टाका यांच्याकडं."

"अगं, नोकरी नाय लागत म्हणत्यात ते."

"म्हणूनच. काल एक आले, कलेक्टर करतो म्हणले. परवा एक आले, फौजदार करतो म्हणले. हे एकटेच काय बी करीत नाहीत."

सर म्हणाले, "यातून मी चांगला शिकवतो हे निघत नाही."

"व्हय. येऊन बघते."

मी सरांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं. परतीच्या वाटेवर ते माझ्या पाठीमागं काहीतरी गुणगुणत होते. त्यांना सूर नाही, पण मी गाडी हळू घेतली.

इकडून तिकडून पोरं जमवली आणि निकिता धरून संख्या बरोबर भरली. एकही जास्त नाही. सरांनी वर्गाचा फळा स्वतः ओल्या फडक्यानं पुसला. त्या दिवशी कुणीतरी "कसे आहात" विचारलं तर म्हणाले, "बरा आहे."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी निकिता आली. नर्सिंगच्या यादीत तिचा नंबर लागला होता, नांदेडला, सरकारी कॉलेजात. "पण मी जात नाय सर," ती म्हणाली. "मी गेले तर तुमचा विषय बंद पडंल. हे दादा बोलले मला." दादा म्हणजे मी. मीच तिला फोन करून सांगितलं होतं, आणि पुन्हा सांगितलं असतं. एक विभाग वाचवायचा होता.

सरांनी चष्मा पुसला. "तू गेलीस तर विषय बंद पडेल, हे खरं. म्हणून तू नर्स होऊ नयेस, हे त्यातून निघत नाही."

"पण सर..."

"निघत नाही."

ती रडायला लागली. सर तिला घेऊन ऑफिसच्या खिडकीवर गेले. क्लार्क म्हणाला, "दाखला उद्या मिळंल." "आत्ता," सर म्हणाले. क्लार्कनं वर बघितलं. "सर, तुमचीच पोरगी कमी व्हतीय. कळतंय का?" "कळतंय. सही कुणाची लागते?" सर तासभर तिथंच उभे राहिले, दाखला घेतला आणि तिच्या हातात दिला.

मी ओरडलो. व्हरांड्यात, सगळ्यांसमोर. "स्वतःच्या हातानं विभाग पुरलात तुम्ही!" सर "हो" म्हणाले आणि घरी गेले.

विषय बंद पडला. त्या वर्गात आता पोलीस भरतीचा क्लास चालतो, संस्थेचाच. सरांना निवृत्तीपर्यंत शिस्त समितीत टाकलंय. म्हणजे गेटवर उभं राहून ओळखपत्रं तपासायची. तर्कशास्त्राच्या माणसाला! एकेका पोराचा फोटो ते निरखून बघतात. "हा तूच कशावरून?" रांग रस्त्यापर्यंत जाते, पोरं शिव्या घालतात, प्राचार्य कपाळावर हात मारतात. मी याविरुद्ध दोन पत्रकं काढली, निवेदन दिलं, उपोषणाला बसलो. काही झालं नाही. काही होत नाही. ज्या शहरात पोरांना 'कशावरून' विचारायला शिकवणारा माणूस गेटवर उभा करतात, तिथं आणखी काय होणार?

परवा दुपारी गेट मोकळं झाल्यावर आम्ही कँटीनमध्ये बसलो होतो. सरांचा फोन वाजला. निकिताचा होता, नांदेडहून. सरांना कमी ऐकू येतं, त्यामुळं फोनचा आवाज पार वाढवलेला असतो.

"सर, इचारायचंच राहिलं. तुमचा विषय झाला ना चालू? मला लई टोचतंय."

आता 'नाही' म्हणणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"झाला की," सर म्हणाले. "तू गेल्यावर आली दोघं-तिघं."

मी कप खाली ठेवला.

"कोण कोण आहेत सर?"

"एक पैठणचा आहे, प्रश्न विचारून जीव खातो. एक मुलगी आहे, शेवटच्या बाकावर बसते. पुढं बस म्हटलं तर ऐकत नाही. पण हुशार आहे. आणि एक झोपाळू आहे, त्याची रात्रपाळी असते." सर समोरच्या भिंतीकडं बघत बोलत होते. थांबेचनात. त्या पैठणच्या पोराच्या आजीबद्दलही त्यांनी काहीतरी सांगितलं.

"खरं ना सर?" तिनं विचारलं.

सरांनी फोन माझ्यासमोर धरला.

"खरंय ताई," मी म्हणालो. "आत्ताच तास सुटला. तू तुझा अभ्यास कर."

सरांनी फोन परत घेतला आणि विचारलं, "तिकडं काय शिकवलं आज?" ती म्हणाली, हातातली हाडं. मग ती एकेक हाडाचं नाव सांगत गेली, आणि कँटीनच्या त्या गोंगाटात सर प्रत्येक नाव तिच्यामागून मोठ्यानं म्हणत राहिले.